सुटीच्या दिवसाची रजा लागते का?

प्रश्न : अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमधले कामगार लिहितात : 'ऑगस्ट २०२५ मध्ये मी तीन दिवसांची पगारी रजा घेतली. १४ तारखेला गावाकडं शेताचं काम होतं, १६ ला परत येणं जमणार नव्हतं, आन् १८ ला शेवटचा श्रावण सोमवार, कावडीत जायचं होतं. मधात १५ ऑगस्ट आन् १७ चा रविवार. दोन्ही दिवस मिल बंद होती. तरी हजेरीबाबूनं पाच दिवसांची रजा लावली. सुटी त सगळ्याइलेच होती, मंग माह्याच रजेतून कावून कापली? माझा मेव्हणा तहसीलमध्ये आहे. तो म्हणतो की मधातला रविवार मोजतातच. खरं काय?'

उत्तर : तुमचा पेच असा आहे. रजा मागितली तीन दिवसांची, पण तुम्ही मिलमध्ये दिसला नाहीत सलग पाच दिवस. बाबूने गैरहजेरी मोजली, तुम्ही रजा मोजली. कारखान्यातल्या पगारी रजेपुरते बोलायचे तर तुमची मोजणी बरोबर आहे. मेव्हण्याचे म्हणणेही खोटे नाही. मात्र ते त्यांच्या कचेरीपुरते खरे आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी मूळ मुद्दा पाहू. सुटी आस्थापनेला असते, रजा माणसाला. १५ ऑगस्टला मिलचे फाटक झेंडावंदनापुरते उघडले आणि मशीन बंद राहिली. त्या दिवशी तुम्ही कामावर यावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. कामाच्या दिवशी न येण्याची जी परवानगी, ती रजा. काम नसलेल्या दिवशी ती परवानगी मागायचीच नसते, मग ती खात्यातून वजा कशी होईल?

हा नुसता तर्क नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ७९ व्या कलमाप्रमाणे वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. त्याच कलमाखाली एक छोटे स्पष्टीकरण होते : या रजेत सुट्या धरायच्या नाहीत, मग त्या रजेच्या मध्ये येवोत की रजेच्या दोन्ही टोकांना. तुमच्या ऑगस्टच्या रजेला हाच कायदा लागू होता. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या चार नव्या संहिता अंमलात आल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत २४० दिवसांची अट १८० वर आली, पण सुट्या रजेतून वगळण्याचा नियम तसाच राहिला. म्हणजे आज हाच प्रश्न विचारलात तरी उत्तर तेच : रजा तीन दिवसांची.

रजा शिल्लक नसती आणि बाबूने पाच दिवसांचा पगार कापला असता, तर? तिथेही हिशेब फारसा बदलत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या ९ व्या कलमाने गैरहजेरीची कपात कुठे करता येते ते बांधून दिले होते. नोकरीच्या अटींप्रमाणे ज्या वेळी, ज्या जागी हजर असणे आवश्यक होते, तिथे नसल्याबद्दलच ती करता येते, आणि तीही तेवढ्याच प्रमाणात. बंद मिलमध्ये हजर असणे कोणालाच आवश्यक नसते.

मग पाच दिवस आले कुठून? अनेक खासगी कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत एक कलम असते, त्याला बोलण्यात सँडविचचा नियम म्हणतात. दोन रजांच्या मध्ये सुटी सापडली की तीही रजाच धरायची. नियुक्तीपत्रावर सही करताना हे पान कोणी वाचत नाही आणि पुढे 'कंपनीचा नियम आहे' एवढे ऐकून माणूस गप्प बसतो. कंपनीला नियम करता येतात हे खरे, पण कायद्याने जे किमान दिले त्याच्या खाली जाणारा नियम करता येत नाही. कामगाराची सही असली तरीही नाही.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. हंगामात तुरीची आवक जोरात असताना तीन-चार जाणत्या माणसांनी सुट्यांना रजा जोडून आठवडा काढला, तर चाळणीपासून पॉलिशपर्यंतची सगळी साखळी अडते. पण यावर मालकाच्या हातात सरळ उपाय आहे. रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो. जुन्या कायद्यात १५ दिवसांची मुदत होती आणि वर्षातून तीनच वेळा रजा तुकड्यांनी घेता येत असे. कामाची अडचण असेल तर मालक 'या तारखा नको, पुढच्या घ्या' असे म्हणू शकतो. त्याने नाही म्हणावे, हवे तर कारण लिहून म्हणावे. तीन दिवस मंजूर करायचे आणि वहीत पाच कापायचे, हे मात्र करू नये. नकार मिळाला तर कामगार निदान आपले बेत बदलू शकतो. या कपातीत त्याला महिनाअखेरीपर्यंत काही कळतच नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही मालक कायद्याने द्याव्या लागतात त्याहून जास्त रजा देतात. त्या जास्तीच्या रजांवर मालक आपल्या अटी घालू शकतो, सँडविचचीसुद्धा. म्हणून तुमची कापलेली रजा कोणत्या खात्यातली होती ते आधी पाहा. दर २० दिवसांमागची कायदेशीर रजा असेल, तर दोन दिवस परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक शंका पत्रात नाही, पण पुढे निघेल : आजवर मिलमध्ये सुट्या मोजत नसत आणि आता अचानक मोजू लागले, तर ते चालेल का? पगारी रजा आणि सुट्या या सेवाशर्ती आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ प्रमाणे त्यांत कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसच आहेत. फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना म्हणजे ही नोटीस नव्हे.

आता मेव्हण्याकडे वळू. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. तिथे अर्जित रजा वर्षाला ३० दिवस जमा होते, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५. ही रजा कॅलेंडरच्या सलग दिवसांनी मोजतात. रजेच्या आधी किंवा नंतर लागून आलेल्या सुट्या परवानगीने जोडून घेता येतात आणि त्या रजेत धरत नाहीत. पण रजेच्या पोटात आलेली सुटी रजाच होते. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्यांच्या कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. समजा त्यांनी सोमवार ते शुक्रवार अर्जित रजा घेतली आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडले. घरी राहिले नऊ दिवस, रजा लागली पाच. तीच रजा पुढच्या मंगळवारपर्यंत वाढवली की मधले शनिवार-रविवार आत येतात आणि रजा नऊ दिवसांची होते. मुख्यालय सोडायची परवानगी मागतात ती याच जोडसुट्यांसाठी.

हे अन्यायाचे वाटते, पण वर्षाकाठी मिळणारे दिवस पाहा. कारखान्यात ३०० दिवस काम केले तर १५ रजा मिळतात, सरकारी खात्यात ३०. जमाच दुप्पट असल्याने खर्चाची मोजणी वेगळी ठेवली आहे. शिवाय सरकारी नैमित्तिक रजेत, म्हणजे लोक जिला सीएल म्हणतात तिच्यात, मधला रविवार मोजत नाहीत. म्हणजे एकाच कचेरीत, एकाच माणसाला, दोन प्रकारच्या रजांना दोन वेगळे हिशेब लागतात. मेव्हण्यांनी अर्जित रजेचा नियम सांगितला आणि तुम्ही तो मिलला लावला, एवढेच झाले.

तुमच्या बाबतीत मला वाटते की चुकीला थोडा हातभार अर्जानेही लावला असावा. बहुतेक जण 'दि. १४ ते १८ पर्यंत रजा मिळावी' असे लिहितात आणि कारकून पाच बोटे मोजून पाच लिहितो. पुढच्या वेळी तारखा सुट्या सुट्या लिहा : १४, १६ आणि १८, एकूण तीन दिवस, १५ व १७ रोजी सुटी. अर्जाची एक प्रत पोच घेऊन जवळ ठेवा. या वेळच्या दोन दिवसांसाठी आधी मिलच्या कचेरीत लेखी मागणी करा. बाबूला कलम दाखवले की बहुधा तिथेच मिटते. नाहीच मिटले तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय किंवा सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय, ही दोन दारे आहेत.

प्रश्न : अमरावतीहून, कापडाच्या एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या ताई विचारतात : 'पोळ्याला कलेक्टरसाहेबांनी सुटी जाहीर केली. मुलांची शाळा बंद, कचेऱ्या बंद. आमचं दुकान मात्र चालू, आणि मी गेले नाही तर रजा लागली. सरकारी सुटी आम्हाला नाही का?'

उत्तर : ताई, इथे तीन वेगळ्या याद्या एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या सोडवल्या की उत्तर मिळते.

पहिली यादी राज्य सरकारची. दरवर्षाच्या शेवटी पुढल्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्या राजपत्रात येतात, सुमारे दोन डझन. त्या अधिसूचनेत आधार दिलेला असतो १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाचा. हा कायदा कामगारांचा नाही. तो हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा आहे. हुंडीची मुदत पेढ्या बंद असलेल्या दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे, हा त्याचा प्रश्न, आणि उत्तर असे की आदल्या कामाच्या दिवशी. त्यासाठी सार्वजनिक सुटी म्हणजे कोणता दिवस, हे ठरवून देणे भाग होते. अकोला-अमरावतीच्या कापसाच्या व्यापाऱ्यांना हे चांगले कळेल. तेव्हा राजपत्रातल्या यादीमुळे सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद राहतात, पण खासगी दुकानाला कुलूप लावायला ती यादी सांगत नाही. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

दुसरी यादी जिल्हाधिकाऱ्यांची. त्यांना आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन स्थानिक सुट्या देता येतात. मुंबईत बसून केलेल्या यादीत पोळा येत नाही. आपल्या वऱ्हाडात त्या दिवशी बैलाच्या मानेवरही जू ठेवत नाहीत, म्हणून ही सोय फार मोलाची. पण ती राज्य सरकारच्या कचेऱ्या आणि शाळांसाठी आहे. बँका आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्या त्या दिवशी चालू असतात, त्या आदेशातच तसे लिहिलेले असते. दुकाने तर त्यात नसतातच.

तिसरी यादी तुमची स्वतःची, आणि तीच कोणाला माहीत नसते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला. त्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्या दिल्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, स्थानिक परंपरा पाहून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. पोळा बसवायचा तो इथे. डिसेंबरात पाच-सहा जणींनी मिळून शेठजींना एक साधे पत्र द्या की दिवाळीचे दोन दिवस, पोळा आणि आणखी एक सण आम्हाला हवा. ज्या दुकानांत कामगार बोलत नाहीत, तिथे या चार सुट्या मालक एकटाच ठरवतो, आणि गिऱ्हाईक कमी असलेले दिवस निवडतो.

या आठ सुट्या रजेहून वेगळ्या आहेत. रजेचे खाते निराळे : वर्षाला आठ नैमित्तिक रजा, आणि वर्षात २४० दिवस भरले तर पुढल्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा तिमाहीने जमा होतात आणि डिसेंबर संपला की बुडतात. आठ सुट्या रजेत गिळल्या तर कायद्याने दिलेल्या आठ सुट्या हातात उरतच नाहीत. म्हणून माझ्या मते ठरलेल्या सणाच्या दिवसाची रजा दुकानातही लावता येत नाही. दिवाळीच्या गर्दीत अशा ठरलेल्या सुटीच्या दिवशी कामाला बोलावले, तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुटी, दोन्ही द्यायची असतात. बरेच मालक यातले एकच देतात आणि कामगारांना तेही पुष्कळ वाटते.

मात्र तुमच्या दुकानात माणसे किती, हे आधी मोजा. हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता. २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा वीस केली. आपल्या बाजारपेठांत वीस माणसांचे दुकान म्हणजे मोठेच, आणि या बदलाने पुष्कळ सेल्समन आणि हिशेबनीस त्या आठ सुट्यांबाहेर गेले. मला हा बदल पटलेला नाही. छोट्या दुकानातल्या माणसालाही सण असतोच.

प्रश्न : 'सण रविवारी आला तर सोमवारी बदली सुटी मिळते का?'

उत्तर : नाही. २६ जानेवारी २०२५ रविवारी आला, तो तसाच गेला. करारात लिहिले असेल तरच बदली दिवस मिळतो. रविवारी कामावर बोलावले, ती गोष्ट वेगळी. दुकानांच्या कायद्याप्रमाणे त्या साप्ताहिक सुटीच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत दुसरा दिवस द्यावा लागतो. आणि हा रविवारही आपोआप मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधून वर्षानुवर्षे अर्ज आणि सभा केल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची ही सुटी मान्य केली.

मतदानाचा दिवस या कशातच बसत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदाराला ती पगारी सुटी मिळते, मग दुकानात दोनच माणसे का असेनात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. त्या दिवसाची कोणाची रजा किंवा पगार कापला गेला असेल, तर ते चूकच.

प्रश्न : नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कपडे शिवण्याच्या कारखान्यातली एक भगिनी : 'माझ्या बाळंतपणाच्या रजेत दसरा-दिवाळी आणि सगळे रविवार येतात. मधल्या सुट्या मोजत नाहीत असं म्हणतात, मग माझी रजा तेवढी पुढे वाढेल ना?'

उत्तर : इथे मोजणी उलटी आहे, आणि ती तुमच्याच फायद्याची आहे. प्रसूती रजा दिवसांनी नव्हे तर आठवड्यांनी दिलेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२. आठवडा म्हणजे सलग सात दिवस. त्यात रविवार आला, दिवाळी आली, तरी तो आठवडाच. म्हणून रजा पुढे सरकत नाही.

पण पैसे द्यायची वेळ आली की काही मालक नेमके उलटे मोजतात. रजेत रविवार धरायचा आणि पगारात सोडायचा. असाच वाद कोइमतूरच्या एका मळ्यात झाला. कायद्यात तेव्हा १२ आठवडे होते. मळ्याच्या मालकांनी कामगार स्त्रीला रविवार वगळून ७२ दिवसांचेच पैसे दिले. ती कामगार न्यायालयात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १९७७ मध्ये न्यायालयाने सांगितले की आठवड्यात रविवार येतोच, तेव्हा पैसे पूर्ण ८४ दिवसांचे द्या. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला रविवारीही जेवावे लागते, हा साधा विचार त्या कायद्याच्या मुळाशी आहे.

तुमच्या २६ आठवड्यांचे होतात १८२ दिवस. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरले असेल, तर रोजच्या सरासरी पगाराला १८२ ने गुणा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी आठ आठवड्यांपर्यंत रजा सुरू करता येते, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे आगाऊ देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. तुमचे नाव ईएसआयमध्ये असेल तर हीच रक्कम कारखान्याऐवजी ईएसआय महामंडळ देते. १५६ दिवसांचा हिशेब हातात पडला तर समजा की २६ रविवार वगळले आहेत, आणि पावतीवर सही करण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.